तिठ्यावरचा चोथा

"तपकिरी डब्यात, हेर लेले. हे तपकिरी डब्यात जातं, रस्त्यावर नाही," फ्राऊ ब्रेंडल जिन्याच्या तळाशी उभ्या राहून ओरडत होत्या, आणि आवाज असा की नेकार नदीपलीकडच्या टेकडीवरचा पडका किल्ला त्या सकाळी आणखी थोडा पडला असणार. त्यांच्या हातात कोळशाचं जुनं फावडं होतं. फावड्यावर ओली पानं, साली, ढलप्या असा एक काळपट गोळा होता आणि नोव्हेंबरच्या गारठ्यात त्यातून अजून वाफ निघत होती. हेर म्हणजे श्रीयुत, आणि लेले म्हणजे मी, वरच्या पायरीवर, पायात नुसते मोजे, गळ्याला मफलरचे चार वेढे. माझ्यामागे माझा चिनी शेजारी लिऊ, तोंडात दात घासायचा ब्रश.

फ्राऊ ब्रेंडल आमच्या घरमालकीण. हायडेलबर्गच्या त्या घरात खालच्या मजल्यावर त्या राहायच्या, वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं पीएचडीवाले, आणि मध्ये दोघांत एक स्वयंपाकघर. बाई सत्तरीच्या पुढच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण सकाळी सातला झाडू घेऊन बाहेर पडल्या की गळलेली पानं घाबरून झाडावर परत जायची. घरासमोरचा फुटपाथ झाडणं तिथे घरमालकाच्या गळ्यात असतं, आणि बाईंचं घर अगदी तिठ्यावर, तीन गल्ल्या मिळतात तिथे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फुटपाथही दुप्पट आणि अभिमानही दुप्पट. आठ दिवस त्या बहिणीकडे गेल्या होत्या. परत येऊन बघतात तो कोपऱ्यावर हा ढीग.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की ह्या ढिगाशी माझा काडीचा संबंध नाही. उलट आठ दिवस ह्या ढिगापासून सगळ्या गल्लीला मीच वाचवतोय. खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या क्षणी मी खरं बोलत होतो, आणि खरं बोलायची सवय नसली की माणूस कसा उघडा पडतो ते लगेच कळलं. लिऊने ब्रश तोंडातून काढला आणि त्याच्या त्या मोजूनमापून बोललेल्या जर्मनमध्ये म्हणाला, "ढीग माझा आहे. म्हणजे ह्याचा आहे. ह्याच्या औषधाचा चोथा आहे तो."

मी तोंड उघडलं. बाहेर आला तो खोकलाच.

बाईंनी खोकला संपेपर्यंत वाट पाहिली, म्हणजे बऱ्यापैकी वेळ गेला, आणि मग विचारलं की औषध पोटात जातं, चोथा रस्त्यावर कशाला. लिऊ म्हणाला, आमच्याकडे पद्धत आहे, रस्त्याने एखादा जाणता वैद्य चालला असेल तर तो चोथा बघतो आणि औषधात काही चुकलं असेल तर दार वाजवून सांगतो. बाईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की डॉक्टर कोपऱ्यापलीकडे तिसऱ्या घरात बसतात, सोमवार ते शुक्रवार आठ ते बारा, त्यांना फुटपाथ बघायला वेळ नसतो. आणि उद्या हे पुन्हा माझ्या हद्दीत दिसलं तर दोघं दुसरी खोली शोधायला लागा. फावडं सरळ धरून त्या मागच्या अंगणात गेल्या. ओल्या कचऱ्याच्या त्या तपकिरी डब्याचं झाकण आपटल्याचा आवाज वरपर्यंत आला.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे पुन्हा नोव्हेंबर आलाय. आता मी इंगोलश्टाटला असतो. इथे दोनाऊ नदीवरून धुकं येतं ते गाडीच्या कारखान्याच्या फाटकाशी माझ्याआधी पोचलेलं असतं आणि कार्ड न दाखवता आत जातं. माझी मुलगी इरा चार वर्षांची आहे, किंडरगार्टनमध्ये जाते, आणि जर्मनीतल्या प्रत्येक किंडरगार्टनने आपापला खोकला मुलांना समसमान वाटलेला असतो. परवा सकाळी तिच्या छातीत घरघर ऐकली आणि म्हटलं, इरा, खोकतेस तू. ती म्हणाली, "इश हुस्टे निश्त." म्हणजे मी खोकत नाहीये. हे तीन शब्द बोलताना ती चार वेळा खोकली. मराठी सगळं कळतं तिला, पण नाकबूल करायचं असलं की जर्मन.

मी तिला वाफ दिली, हळद घातलेलं दूध दिलं, ते तिने शिष्टाचार म्हणून दोन घोट घेतलं. आणि दुधाच्या त्या वासामागून एक दुसराच वास आला, जो ह्या घरात कुठेच नव्हता. पावसाळाभर बंद राहिलेलं एखादं वाचनालय पुस्तकांसकट आल्याच्या पाण्यात उकळलं तर जसा येईल तसा. हा लिऊच्या काढ्याचा वास. सहा वर्षं झाली, माझ्या एका स्वेटरमध्ये तो अजून आहे असं माझं म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं, तो स्वेटर गेल्या वर्षी घेतलाय. तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की तिला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. मागच्या वेळी फ्राऊ ब्रेंडलच्या हातात झाडू होता म्हणते. असेल. फावडं जास्त शोभतं.

पण माझा तो खोकला मात्र मी वाढवून सांगू शकत नाही, कारण तो वाढायला जागाच नव्हती. सप्टेंबरच्या अखेरीस साधी सर्दी झाली, ती उतरून छातीत बसली आणि तिथे तिने बिऱ्हाड थाटलं. कफ असा की दोन पायऱ्या चढलो की आत कुणीतरी हुक्का ओढतंय असं वाटायचं. विद्यापीठाच्या वाचनालयात एक बाई होत्या, तीस वर्षांत त्यांनी पुस्तकातून मान वर केली नव्हती अशी त्यांची ख्याती होती. माझ्या एका उबळीला त्या उठून उभ्या राहिल्या. ट्राममधला तिकीट तपासनीस मला बघून दुसऱ्या डब्यातूनच मान हलवायचा, तुमचं तिकीट आहे, मला खात्री आहे. माझा संशोधनाचा विषय होता इंजिनात इंधनाचा फवारा उडतो त्यातल्या थेंबांचा आकार लेझरने मोजणे. त्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक थेंब आहे, तो इंधनाचा नाही. परीक्षकांना आजवर कळलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

हसण्यावारी नेतोय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. प्रबंध देऊन झाला होता, उरली होती नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी ठेवलेली शेवटची तोंडी परीक्षा. पाऊण तास आपण उभं राहून बोलायचं, मग पाऊण तास त्यांनी विचारायचं. ऑक्टोबरच्या शेवटी मी प्रोफेसरांसमोर त्याची तालीम केली आणि नवव्या मिनिटाला जी उबळ आली ती एकोणिसाव्या मिनिटाला संपली. प्रोफेसर सज्जन माणूस, त्यांनी स्वतःची कॉफी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, हे असंच राहिलं तर आपल्याला पुढे ढकलावं लागेल. पुढे म्हणजे केव्हा, तर बाहेरून येणारे परीक्षक त्या शुक्रवारनंतर अर्ध्या वर्षासाठी जपानला चालले होते, म्हणजे थेट उन्हाळ्यात. इकडे इंगोलश्टाटच्या नोकरीच्या कागदावर लिहिलं होतं, डॉक्टरेट पूर्ण करून एक जानेवारीला हजर. तेव्हा जे काही होणार होतं ते त्या एका शुक्रवारी, खोकल्याशिवाय पाऊण तास बोलता आलं तरच.

डॉक्टरांकडे गेलो होतोच. तिथले डॉक्टर चहावर फार श्रद्धा ठेवून असतात. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, आतलं संगीत मन लावून ऐकलं, फुप्फुसं ठीक आहेत म्हणाले, आणि थाइमचा चहा, विश्रांती आणि एका वेलीच्या पानांचं सिरप लिहून दिलं. किती दिवसांनी बरं वाटेल विचारलं तर म्हणाले, खोकला जायचा तेव्हा जातो. मिरजेहून आईचा फोन आला की अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, वाफ, आणि शेवटी, तू तिथे डोकं ओलं ठेवून हिंडतोस. मी नेकारच्या काठी आणि ती कृष्णेच्या काठी, तरी हे तिला कसं कळायचं कोण जाणे.

तालीम फसली त्याच दिवशी लिऊने खोलीतून एक पुडकं आणलं. लिऊ रसायनशास्त्रातला. चहात साखर घालतानाही तो चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचा. माझा खोकला तो महिनाभर भिंतीपलीकडून ऐकत होता आणि कधी त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने पुडकं टेबलावर उलगडलं आणि एकेक वस्तू ओळीने मांडली. संत्र्याच्या वाळलेल्या साली, काळ्या पडलेल्या, चामड्यासारख्या. करड्या गोट्यांसारखा एक कंद, कच्चा खाल्ला तर घसा सुजवेल, पण आल्यात शिजवून वाळवला की औषध. पाइनच्या मुळांवर वाढणाऱ्या अळंबीच्या पांढऱ्या वड्या. ज्येष्ठमधाचे आणि आल्याचे तिरके काप. मूठभर सुकी लाल बोरं. म्हणाला, कफाच्या खोकल्यावर हाच काढा, माझ्या खापरपणजोबांपासून हाच. साल आणि कंद दोन्ही जितकी जुनी तितकी चांगली. ही साल मी सहावीत असताना आईने वाळवायला टाकली होती.

मला तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटलं. आता वाटतं, कुणाच्या तरी सहावीतल्या दुपारी सोललेली संत्री, कुणीतरी ती आवडीने खाल्ली असतील, साली दोऱ्यात ओवून टांगल्या असतील, वर्षानुवर्षं त्या चुलीच्या धुरात काळ्या होत राहिल्या असतील, आणि ह्या सगळ्याचा शेवट कुठे, तर मिरजेच्या लेल्यांच्या छातीत. त्याच्या आईने हिवाळा जड जाईल म्हणून लिऊला पाठवलेलं पुडकं होतं ते. त्याने त्यातली आठवण म्हणून एक साल तरी बाजूला ठेवली असेल असं मी धरून चाललो होतो.

माझ्या आईला फोनवर जिन्नस वाचून दाखवले. संत्र्याची साल म्हटल्यावर हं म्हणाली. ज्येष्ठमध म्हटल्यावर हं म्हणाली. आलं म्हटल्यावर तर ती चिडलीच. म्हणाली, "मग ह्यात चिनी काय आहे रे? हेच तर मी ओरडून सांगतेय महिनाभर." मी कंद आणि अळंबी सांगितली तेव्हा जरा नरमली. मग म्हणाली, घे बाबा, आणि त्याच्या आईला माझा नमस्कार सांग.

लिऊ पहाटेच उठून काढा करायचा. धातूचं भांडं चालत नाही म्हणून प्रयोगशाळेतलं जाड काचेचं पात्र. आधी जोरात, मग मंद आचेवर, गाळून बाजूला, पुन्हा त्याच चोथ्यावर पाणी, पुन्हा उकळी, आणि दोन्ही पाणी एक करून मला एक मोठा कप. मी उठेपर्यंत तो प्रयोगशाळेत गेलेला असायचा. टेबलावर झाकलेला कप, भांडी घासून पालथी, आणि फ्रीजवर एक आलेख. होय, आलेख. सकाळी सात ते आठ मी किती वेळा खोकतो ते मी त्यावर मांडायचं. चोथ्याचं काय होतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. चहाच्या चोथ्याचं काय होतं हा तरी कुणाला पडतो.

आता तिठ्यावरचा ढीग. पहिल्या सकाळी धुकं असं होतं की स्वतःचा पुढचा पाय अंदाजाने टाकावा लागे. कोपऱ्यावर आलो आणि माझा उजवा पाय हवेतच थांबला. डोक्याला कळायच्या आत पायाला कळलं. तीन रस्ते मिळतात तिथे, फुटपाथच्या बरोबर मध्ये, ओल्या काळ्या पानांवर साली, मुळ्या, वर एक लाल बोर, आणि वाफ. मिरजेत आमच्या घराजवळच्या तिठ्यावर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी असंच असायचं. लिंबू, कुंकवाने लाल केलेला भात, नारळाची भकलं. कुणाच्या तरी घरातली पीडा उतरवून टाकलेली. शाळेत जाताना आईची बोटं कोपरात रुतायची. ओलांडायचं नाही. लांबून जायचं. बघायचंही नाही. मी पीएचडीचा प्रबंध दिलेला माणूस, लेझरवाला, आणि मी त्यात काय आहे ते निरखून न बघता त्या ढिगाला अशी लांबची प्रदक्षिणा घातली की ट्राम चुकली.

आणि मग मला लोकांची काळजी वाटायला लागली. म्हटलं, कुणाची तरी आई भारतातून राहायला आलेली दिसते, तिने नातवाची दृष्ट काढून टाकलीय, आणि ह्या बिचाऱ्या जर्मनांना काय माहीत. परत आलो आणि खिशातल्या खडूने ढिगाभोवती भलंमोठं वर्तुळ काढलं. दुसऱ्या दिवशी ढीग ताजा. मी माझी सायकल आडवी लावली. तिसऱ्या दिवशी पोस्टमनला गाठून गंभीरपणे "आख्टुंग", म्हणजे सावधान, म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं नाही, टोपीला हात लावला आणि वळसा घेतला. गावात माझ्याखेरीज मराठी माणसं सातजण होती, सातहीजणांना फोन करून सांगितलं की आमच्या तिठ्यावर उतारा पडतोय, जपून. त्यातले दोघं कट्टर नास्तिक. तेही पलीकडच्या फुटपाथने गेले. आठ दिवसांत त्या तिठ्यावर एवढी शिस्त लागली की कुत्रीसुद्धा मालकाला ओढून वर्तुळाबाहेरून न्यायची.

आणि फ्रीजवरचा आलेख सपाट. लिऊने साल अर्धा ग्रॅम वाढवली, कंद पाव ग्रॅम कमी केला. रेघ सरळच. तो आलेखासमोर हात बांधून उभा राहायचा आणि पुटपुटायचा, औषध बरोबर आहे, मग चुकतंय ते बाहेर कुठेतरी.

तेव्हा जिन्यातल्या त्या ओरडण्यानंतर, सोमवारी, आम्ही दोघं स्वयंपाकघरात येऊन बसलो आणि लिऊने मला खरं काय ते सांगितलं. वैद्याची गोष्ट बाईंसाठी होती. तीही त्यांच्याकडे सांगतात, पण आजीच्या गावात खरं कारण दुसरंच. तो म्हणाला, "चोथा रस्त्यावर टाकतात, कारण येणारे-जाणारे तो तुडवतात. तुडवला की आजारी माणसाचा आजार प्रत्येकाच्या पायाला थोडा थोडा लागून जातो. एकाला फार होत नाही."

मी विचारलं, आणि कुणी टाळून गेलं तर?

"कुणी टाळत नाही," लिऊ म्हणाला. "उद्या त्याच्याही घरी काढा उकळणार असतो."

मी कप खाली ठेवला. मग वर्तुळाचं सांगितलं, सायकलचं, पोस्टमनचं, सात फोनचं. आठ दिवस मी स्वतःच्याच औषधावर पहारा देत होतो, त्याला कुणाचा पाय लागू नये म्हणून. लिऊने पेन घेतलं. उठला, आणि आलेखाखाली एक शब्द लिहिला. श्ट्योरुंग, म्हणजे व्यत्यय. ट्राम बंद पडली की स्टॉपवर झळकतो तो शब्द.

एक कबूल करतो. तू शास्त्रज्ञ असून ह्यावर विश्वास ठेवतोस का, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. एकाने ढीग टाकला होता आणि दुसऱ्याने त्याभोवती वर्तुळ काढलं होतं. पण त्या सोमवारी ट्राममध्ये बसल्या बसल्या मला सारखं एकच दिसत होतं. दोन गावं, दोन्हीकडे तिठा, दोन्हीकडे घरातलं दुखणं पहाटे बाहेर आणून ठेवलेलं. एका गावातली आई पोराला कोपर धरून लांबून नेते, दुसऱ्या गावातली त्यावरूनच नेते. आणि दोघींच्या मनात पोराबद्दलचं प्रेम तेवढंच. मिरजेच्या त्या भाताचं पुढे काय व्हायचं, ज्याच्यासाठी तो उतरवला त्याला बरं वाटायचं का, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

पण शुक्रवार जवळ येत होता, तेव्हा विचार फार झाले, कामाला लागणं भाग होतं. मंगळवारी लिऊने फ्राऊ ब्रेंडलच्या हद्दीपासून बरोबर चाळीस सेंटिमीटर बाहेर ढीग टाकला. पट्टीने मोजून. मी वर्तुळ ओल्या फडक्याने पुसलं आणि कोपऱ्यावर उभा राहिलो, लोकांना ढिगावरून जायला लावायला. त्या गावात शिस्त लावणं सोपं, ती काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. डॅशहुंड घेतलेले एक आजोबा आले. मी म्हटलं, बिटे, कृपया, सरळ या, हरकत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, म्हणाले पलीकडची वाट मोकळी आहे, आभारी आहे. दोन सायकलवाल्या मुली घंटी वाजवत वळसा घालून गेल्या. पोस्टमन लांबूनच ओरडला, माहीत आहे, आख्टुंग, आणि वयाला न शोभेल अशी उडी मारून पलीकडे. जाताना मला डोळा मारला. आलेख सपाट.

बुधवारची सकाळ मला जशीच्या तशी आठवते, आणि हीच एक सकाळ आहे जिच्यात मी आजवर काही घातलेलं नाही. धुकं थोडं वर उचललं होतं. मी कोपऱ्यावर उभा. वरच्या गल्लीतून किंडरगार्टनची मुलं आली, जंगलात फिरायला निघालेली, एका दोरीला धरून रांगेत, बाराजण. सगळ्यांच्या पायात रबरी गमबूट. पुढच्याचे पिवळे होते. त्याला ढीग दिसला आणि त्याचे डोळे असे चमकले की मी ओळखलं, हा काही वळसा घालणार नाही. चिखल, डबकं, पानांचा ढीग, त्या वयात ह्या गोष्टी पाय घालण्यासाठीच असतात. तो निघाला की मागचे अकरा येणार. दोरी एकच.

बारा मुलं, चोवीस गमबूट. मी हिशेब केला, खोटं कशाला बोलू. माझा दीड महिन्याचा खोकला बारा जणांत, एकेकाला चार दिवस. एकाला फार होत नाही. परवा शुक्रवार होता. उन्हाळ्यापर्यंत माझ्यासाठी कुणी थांबणार नव्हतं. पिवळे बूट चार पावलांवर आले. रांगेच्या शेवटी एक मुलगी होती, सगळ्यांत लहान, नाकाखाली आधीच दोन धारा, दोरीला धरलेला हात बाहीच्या आत ओढून घेतलेला.

मी खाली बसलो. प्रबंधाची प्रत खांद्यावरच्या पिशवीत होती, ती काढून बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी तो गरम चोथा पिशवीत भरला, शेवटच्या बोरासकट. पिवळ्या बुटांनी भोकाड पसरलं. मागून आलेल्या बाईंनी त्याला सांगितलं की बघ, हे काका किती व्यवस्थित आहेत, रस्ता स्वच्छ करतात. मी पिशवी मागच्या अंगणात नेऊन तपकिरी डब्यात रिकामी केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्राऊ ब्रेंडल बघत होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला मान डोलावून शाबासकी दिली. मी त्यांच्या अंगणात उभा राहून दहा मिनिटं खोकलो.

संध्याकाळी लिऊने विचारलं, आज कुणी? मी म्हटलं, बाराजण. एका ओळीत. त्याने मान हलवली आणि कप विसळायला घेतला. खोटं पचलं म्हणून मला बरं वाटलं, आणि त्याच्या सहावीतल्या संत्र्यांचं वाईट वाटलं. गुरुवारी सकाळी शेवटचा कप. पुडक्याचा कागद घडी घालून शेजारी ठेवलेला, आत काहीही नाही, सुगंध सोडून.

गुरुवारी दुपारी छातीत काहीतरी सुटलं. जाळ्यात अडकलेली बोट सुटते तसं. कफ हलला, वर आला, गेला. संध्याकाळपर्यंत मी सात वेळा खोकलो, रात्री गाढ झोपलो, आणि शुक्रवारी सकाळी आलेखावर मांडायला काही नव्हतं. मी मुद्दाम खोकून बघितलं. जमेना.

परीक्षा कशी झाली म्हणून विचारू नका. मी बोललो. पाऊण तासाचं पन्नास मिनिटं बोललो, प्रोफेसरांना हात वर करून थांबवावं लागलं. घसा असा की खिडकीबाहेरची कबुतरं ऐकायला थांबली. जपानला जाणाऱ्या परीक्षकांनी थेंबांबद्दल सहा प्रश्न विचारले आणि चौथ्या प्रकरणातल्या त्या एका थेंबाबद्दल नेमका सातवा विचारला नाही. फक्त मागच्या ओळीत कुणीतरी सारखं खोकत होतं, आधी रुमालात, मग बाहीत. मी मनात म्हटलं, लोकांना घरी बसायला काय होतं. थोड्या वेळाने कुणीतरी वाकून, आवाज न करता बाहेर गेल्याचं दिसलं. दार मी बोलत असेपर्यंत बंदच राहिलं.

बाहेर आलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये सगळे जमले होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रयोगशाळेतल्या मित्रांनी पुठ्ठ्याची टोपी करून डोक्यावर ठेवली, तिच्यावरून निळ्या कागदाचे थेंब लोंबत होते. प्रोफेसरांनी पाठीत धपका घातला, माझ्या छातीतून काहीच आवाज आला नाही ह्याचं त्यांनाच नवल वाटलं. प्रेत्सेल होते, फसफसणारी वाइन होती, फ्राऊ ब्रेंडलनी सफरचंदाचा केक धाडला होता. मिरजेला फोन लावला तर आई म्हणाली, अडुळशाचा गुण.

लिऊ खिडकीपाशी हीटरला पाठ टेकून उभा होता, गळ्याशी माझाच मफलर, हातात गरम पाण्याचा कप. खोकत होता. कफाचा खोकला, खोल, मला ओळखीचा. मी टोपी काढून त्याच्याजवळ गेलो. आयुष्यात मी फार कमी गोष्टी कबूल केल्यात, पण ही केली. म्हटलं, लिऊ, ते बाराजण खोटे होते. बुधवारचा चोथा मी डब्यात टाकला, कुणी पाय लावला नाही त्याला.

तो म्हणाला, माहीत आहे, झाकण उघडून बघितलं होतं.

"मग कालचा कुणी तुडवला?"

लिऊने पाण्याचा एक घोट घेतला.

"मी. शुक्रवारी मला कुठे बोलायचं होतं."